नभोवाणी वाद्यवृंद, भारतातील

नभोवाणी-संस्थेने आपल्या प्रक्षेपणासाठी नियमित वेतनावर ठेवलेल्या व तिच्याच स्टुडिओत नित्य तालीम करणाऱ्या वादकसमूहास नभोवाणी वाद्यवृंद म्हणतात. नाटक, नृत्य वा चित्रपट यांच्या साथीसाठी प्रसंगोपात्त जमविलेल्या वादकांहून तो दोन बाबतींत वेगळा असतो. त्यातील वादक वर्षानुवर्षे एकत्र वाजवीत असतात आणि त्याचे वादन दुसऱ्या कोणत्या कलेच्या साथीसाठी नसून स्वतंत्रपणे ऐकण्यासाठी असते. भारतात असे वाद्यवृंद उभारण्याचे प्रयत्न प्रामुख्याने दोन ठिकाणी झाले. मुंबईत पाश्चात्त्य सिंफनी संगीताचे वादक उपलब्ध होते. परंतु त्यांना कायमचा आश्रय देणारी संस्था नव्हती. दिल्लीत आकाशवाणीच्या रूपाने संस्था होती. परंतु तिच्या वाद्यवृंदाने वाजवावे असे संगीत आयते उपलब्ध नव्हते, ते नव्याने घडवावे लागले. भारतातील नभोवाणी वाद्यवृंदांचा इतिहास या दोन उणिवांभोवती गुंफलेला आहे.

उगम व स्वरूप : पहिल्या महायुद्धानंतर यूरोपात नियमित प्रक्षेपण सुरू झाले, तेव्हा ध्वनिमुद्रिकांचा उपयोग मर्यादित होता. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन ते पाच मिनिटांत संपत असे. त्यामुळे पाऊणएक तासाची सिंफनी सलग ऐकवावयाची, तर वादकांना ध्वनिक्षेपकासमोर प्रत्यक्ष बसविणे हाच मार्ग होता. सिंफनी वाद्यवृंदाला ऐंशी ते शंभर वादक लागतात. एवढा खर्च केवळ तिकिटांच्या उत्पन्नावर भागत नाही. पूर्वी तो राजदरबार, नगरपालिका किंवा धनिक करीत; विसाव्या शतकात तो भार श्रोत्यांच्या परवानाशुल्कावर चालणाऱ्या नभोवाणी-संस्थांनी उचलला. लाइपसिक, बर्लिन व कोपनहेगन येथे १९२३ ते १९२५ या काळात नभोवाणीचे वाद्यवृंद आकारास आले. ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनचा सिंफनी वाद्यवृंद १९३० मध्ये, फ्रान्सचा राष्ट्रीय वाद्यवृंद १९३४ मध्ये व अमेरिकेत तोस्कानीनीसाठी उभारलेला एनबीसी वाद्यवृंद १९३७ मध्ये सुरू झाला.

पोलंडच्या नभोवाणी वाद्यवृंदाचा इतिहास या संदर्भात विशेष बोधप्रद आहे. ग्झेगॉश फीटेलबेर्ग (१८७९–१९५३) याने तो १९३५ मध्ये वॉर्सा येथे स्थापन केला. सप्टेंबर १९३९ मधील जर्मन आक्रमणाने त्याचे काम बंद पडले व वादक विखुरले. युद्ध संपत आले असता, मार्च १९४५ मध्ये, व्हीटोल्ड रोव्हित्स्की (१९१४–८९) याने कातोवित्से या औद्योगिक शहरात वाद्यवृंदाची पुन्हा जुळवाजुळव केली. कारण वॉर्सा शहर उद्ध्वस्त झाले होते. फीटेलबेर्ग १९४७ मध्ये परतला व मृत्यूपर्यंत त्याने संचालन केले. १९४८ मध्ये व्हीटोल्ड लुतोस्वाफ्स्की याच्या पहिल्या सिंफनीचे प्रथम वादन याच वाद्यवृंदाने केले. पुढे यान क्रेन्झ (१९५३–६७) व आंतोनी व्हीट (१९८३–२०००) यांच्या दीर्घ कारकीर्दी झाल्या आणि २०१४ मध्ये कातोवित्से येथे त्याच्यासाठी स्वतंत्र संगीतगृह उघडण्यात आले. शहर, वादक व राज्यव्यवस्था बदलूनही वाद्यवृंद टिकला, याचे कारण त्यामागील संस्था व तिचे वेतन टिकले. ज्या वर्षी वॉर्सा येथे हा वाद्यवृंद निघाला, त्याच १९३५ मध्ये मुंबईतही एक सिंफनी वाद्यवृंद निघाला होता. मात्र त्याची वाटचाल वेगळी झाली.

भारतातील पूर्वपीठिका : भारतीय संगीतात वाद्यांचा समूह अपरिचित नव्हता. भरताच्या नाट्यशास्त्रात 'कुतप' या नावाने नाट्यप्रयोगातील वाद्यसमूहाचे वर्णन आढळते. देवालये व राजवाडे यांच्या नगारखान्यांत सनई, नगारे इत्यादींचे समूहवादन पिढ्यानपिढ्या चालत आले. तथापि रागसंगीताचा विकास एकल गायन-वादनाच्या दिशेने झाला. राग विस्तारण्याचे स्वातंत्र्य एका कलावंताकडे असते व साथीदार त्याच्या मागोमाग जातात. अनेक वादकांनी आधी ठरलेले स्वर एकाच वेळी वाजविण्याची पद्धत इंग्रजी लष्करी बँडच्या अनुकरणातून संस्थानांत रुजली. अलाउद्दीनखाँ (मृत्यू १९७२) यांनी मैहर संस्थानात १९१८ मध्ये, साथीच्या रोगाने पोरक्या झालेल्या मुलांना शिकवून उभारलेला मैहर बँड हा त्यातील विशेष महत्त्वाचा प्रयोग होय. बंदुकीच्या नळ्या कापून बनविलेले 'नलतरंग' हे वाद्य त्यांनी या बँडसाठीच तयार केले. उदय शंकर (१९००–७७) यांच्या नृत्यपथकासाठी तिमिर बरन आणि विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य विष्णुदास शिराळी यांनी केलेल्या रचनांमुळे केवळ भारतीय वाद्यांचा वाद्यवृंद परदेशी रंगमंचावरही ऐकू आला.

मुंबईतील प्रयत्न : इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. कंपनी १९३० मध्ये मोडीत निघाल्यावर सरकारने प्रक्षेपण आपल्याकडे घेतले व जून १९३६ मध्ये त्यास 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले. मुंबईत पाश्चात्त्य संगीताचा श्रोतृवर्ग लहान असला, तरी स्थिर होता. यूरोपीय रहिवासी, पारशी कुटुंबे, गोमंतकीय व ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाज यांचा त्यात समावेश होता. वादकांचा पुरवठा मुख्यतः गोव्यातून होई. पोर्तुगीज अमलात गोव्याच्या चर्चमधील पॅरिश शाळांत मुलांना स्वरलेखन व व्हायोलिन शिकविले जात असे. तेथे तयार झालेले वादक मुंबईस येऊन मूकपटांची चित्रपटगृहे, हॉटेले, नाचाचे बँड व पुढे चित्रपटांचे स्टुडिओ यांत उपजीविका करीत.

वॉल्टर काउफमान (१९०७–८४) हा बोहीमियातील कार्ल्सबाड येथे जन्मलेला ज्यू संगीतकार १९३४ मध्ये मुंबईस आला. बर्लिन येथे त्याचे शिक्षण झाले होते. नाझी राजवटीमुळे त्याला यूरोप सोडावे लागले. मुंबईत येताच त्याने बाँबे चेंबर म्युझिक सोसायटी स्थापन केली व तिच्या नियमित मैफली सुरू केल्या. त्यांत तो स्वतः पियानो, मेहली मेहता व्हायोलिन व इटालियन वादक एजिद्यो व्हेर्गा चेलो वाजवीत. पुढे सुमारे दहा वर्षे, १९४६ पर्यंत, मुंबई नभोवाणी केंद्राच्या यूरोपीय संगीत विभागाचा तो प्रमुख होता. आरंभी त्याला भारतीय संगीत पूर्णपणे अनाकलनीय वाटले. तथापि उणीव संगीतात नसून आपल्या ऐकण्यात असली पाहिजे, असे मानून त्याने त्याचा चिकाटीने अभ्यास केला. त्याची अनसूया ही संगीतिका १९३८ मध्ये मुंबई केंद्रावरून प्रसारित झाली. तंबोऱ्याच्या आधारस्वरावर व्हायोलिनने शिवरंजनी रागाच्या अंगाने उमटणारी आकाशवाणीची सुपरिचित संकेतधून सामान्यतः त्याच्याच नावे सांगितली जाते. तीमधील व्हायोलिन मेहली मेहता यांचे असावे, असेही मानले जाते. उत्तर भारतीय व दक्षिण भारतीय रागांवरील त्याचे दोन बृहद्‌ग्रंथ अनुक्रमे १९६८ व १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु तोपर्यंत तो अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात स्थायिक झाला होता.

मेहली मेहता (१९०८–२००२) यांनी १९३५ मध्ये बाँबे सिंफनी ऑर्केस्ट्रा व १९४० मध्ये बाँबे स्ट्रिंग क्वार्टेट ही संस्था स्थापन केली. ते स्वतः वाद्यवृंदाचे अग्रवादक होते. बेल्जियन संगीतज्ञ झ्यूल क्रान याने त्याचे संचालन केले आणि पुढे मेहता यांनीही ते केले. या वाद्यवृंदात हौशी पारशी व यूरोपीय वादक, धंदेवाईक गोमंतकीय वादक आणि निर्वासित संगीतज्ञ एकत्र बसत. हौशी वादकांचा दिवस कचेरीत वा पेढीवर जाई, तर धंदेवाईक वादकांचा चित्रपटांच्या स्टुडिओत. त्यामुळे तालमी दिवसाच्या उरलेल्या वेळात होत. या वाद्यवृंदातील कोणालाही केवळ सिंफनीवादनावर संसार चालविता येत नव्हता. नभोवाणीने त्यातील काही वादकांना कार्यक्रम दिले. पण सबंध वाद्यवृंदाला वेतनावर घेतले नाही. पोलंडमधील वाद्यवृंद व मुंबईतील वाद्यवृंद यांतील मूलभूत भेद येथेच आहे.

परिणाम लवकरच दिसून आला. काउफमान १९४६ मध्ये भारत सोडून गेला व १९४८ मध्ये कॅनडातील विनिपेग सिंफनी वाद्यवृंदाचा पहिला संचालक झाला. स्वातंत्र्यानंतर यूरोपीय श्रोते व वादक पांगले. मेहली मेहता १९४५ मध्ये अध्ययनासाठी अमेरिकेस गेले, १९४९ मध्ये परतले आणि १९५५ मध्ये मँचेस्टर येथील हॅले वाद्यवृंदात दाखल होण्यासाठी त्यांनी पुन्हा मुंबई सोडली. पुढे लॉस अँजेल्स येथे १९६४ मध्ये त्यांनी स्थापन केलेला तरुण वादकांचा वाद्यवृंद त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ चालविला. त्यांचे पुत्र झुबिन मेहता (जन्म १९३६) हे १९५४ मध्येच शिक्षणासाठी व्हिएन्नास गेले होते. अशा रीतीने मुंबईने जगाला एक थोर वाद्यवृंदसंचालक दिला. परंतु ज्या वाद्यवृंदाच्या तालमी ऐकत तो वाढला, तो मात्र मुंबईत टिकला नाही.

दिल्लीतील आरंभ : याच सुमारास दिल्लीत वेगळा प्रयोग चालू होता. इंग्रज संगीतरचनाकार जॉन फोल्ड्स (१८८०–१९३९) हा १९३५ मध्ये भारतात आला व १९३७ मध्ये दिल्ली केंद्राच्या यूरोपीय संगीत विभागाचा प्रमुख झाला. त्याने भारतीय वाद्यांच्या वादकांना स्वरलेखन वाचण्यास शिकवून एक लहान वाद्यवृंद तयार केला व त्यासाठी स्वतंत्र रचना केल्या. भारतीय व पाश्चात्त्य वाद्ये एकत्र आणण्याची त्याची योजना होती. एप्रिल १९३९ मध्ये त्याची कलकत्त्यास बदली झाली आणि तेथे पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत पटकीने त्याचा मृत्यू झाला. त्याच्यामागे तो प्रयोग चालू ठेवणारे कोणी नव्हते. हार्मोनियमच्या ठरीव पट्ट्यांत भारतीय स्वरांचे सूक्ष्म स्थान सापडत नाही, या त्याच्या मताचा मात्र नभोवाणीच्या धोरणावर प्रभाव पडला. मार्च १९४० पासून तिच्या केंद्रांवर हार्मोनियमच्या साथीस बंदी घालण्यात आली. ती १९७१ पासून काही अटींवर शिथिल करण्यात आली.

आकाशवाणी वाद्यवृंद : स्वतंत्र भारतात बाळकृष्ण विश्वनाथ केसकर (१९०३–८४) हे १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री होते. मूळचे पुण्याचे असलेल्या केसकरांना अभिजात संगीताविषयी तीव्र आस्था होती. संस्थाने विलीन झाल्यावर निराधार झालेल्या कलावंतांना आश्रय देणे हे नभोवाणीचे कर्तव्य आहे, अशी त्यांची भूमिका होती. संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम जुलै १९५२ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी दिल्ली येथे आकाशवाणी वाद्यवृंदाची स्थापना झाली. १९४९ पासून दिल्ली केंद्राच्या सेवेत असलेले सतारवादक रविशंकर (१९२०–२०१२) हे त्याचे पहिले संचालक व रचनाकार होत. कर्नाटक संगीताची बाजू व्हायोलिनवादक टी. के. जयराम अय्यर यांनी सांभाळली. लहानपणी उदय शंकर यांच्या पथकात वावरल्यामुळे व पुढे अलाउद्दीनखाँ यांच्याकडे शिक्षण घेतल्यामुळे समूहवादनाच्या दोन्ही परंपरा रविशंकर यांना आतून माहीत होत्या.

वाद्यवृंदात सतार, सरोद, वीणा, सारंगी, बासरी, सनई, जलतरंग, तबला, मृदंगम् यांबरोबर व्हायोलिन, चेलो, डबल बास व क्लॅरिनेट यांसारखी पाश्चात्त्य वाद्येही घेण्यात आली. भारतीय तंतुवाद्यांत खर्जातील घनगंभीर व दीर्घ टिकणारा स्वर देणारी वाद्ये थोडी असल्याने चेलो व डबल बास यांची गरज विशेष भासली. हिंदुस्थानी व कर्नाटक या दोन्ही पद्धतींचे वादक प्रथमच एका वेतनपत्रकावर, एका तालमीत व एका स्वरलेखनासमोर एकत्र आले. ही घटना संगीताच्या दृष्टीने जितकी महत्त्वाची, तितकीच सामाजिक दृष्टीनेही महत्त्वाची होती. गुरुगृही कानाने शिकलेल्या वादकाला इतरांबरोबर मोजून वाजवावयाचे होते व स्वतःची तान आवरावयाची होती.

रविशंकर १९५६ मध्ये आकाशवाणी सोडून गेले. त्यांच्यानंतर आलेले बासरीवादक पन्नालाल घोष (१९११–६०) यांनी तत्पूर्वी मुंबईत चित्रपटांसाठी संगीत दिले होते. कलिंग विजय, ऋतुराज व ज्योतिर्मय अमिताभ या त्यांच्या वाद्यवृंदरचना होत. रागाच्या चौकटीत कथा वा ऋतुचक्र सूचित करण्याचा त्यांत प्रयत्न आहे. वीणावादक एमानी शंकर शास्त्री (१९२२–८७) यांनी कर्नाटक रागांवर आधारलेल्या रचना केल्या. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत मोठ्या वाद्यवृंदाचा वापर रुजविणारे संगीतदिग्दर्शक अनिल विश्वास (१९१४–२००३) हे १९६३ ते १९७५ या काळात या वाद्यवृंदाचे संचालक होते. पुढे चेन्नई येथेही वाद्यवृंदाचे एक पथक कार्यरत झाले.

रचनापद्धती : रागसंगीतात एका वेळी एकच स्वरपंक्ती चालते, तिला आधार आधारस्वराचा असतो. याउलट सिंफनी संगीतात अनेक स्वर एकाच वेळी उमटून स्वरसंवाद निर्माण होतो. हा स्वरसंवाद जसाच्या तसा रागावर लादल्यास रागात वर्ज्य असलेले स्वर येण्याचा धोका असतो. शिवाय मींड व गमक यांमुळे भारतीय स्वर सतत हलता राहतो. वीस वादकांनी तीच मींड अगदी एकाच गतीने घेणे अवघड असते. आकाशवाणीच्या रचनाकारांनी यावर काही मार्ग काढले. एक स्वरपंक्ती वेगवेगळ्या सप्तकांत वाजविणे, रागात असलेल्याच स्वरांची दुसरी पंक्ती पहिलीच्या जोडीस ठेवणे, एका वाद्यगटाने प्रश्न व दुसऱ्याने उत्तर असे संवाद रचणे आणि आधारस्वर अनेक वाद्यांत वाटून त्याला घनता आणणे हे त्यांतील प्रमुख मार्ग होत. बहुतेक रचनांत आरंभी मुक्त लयीतील आलापसदृश भाग, मध्ये तालबद्ध गत व शेवटी द्रुत लयीत तालवाद्यांच्या जुगलबंदीतून समेवर येणारी तिहाई असा क्रम आढळतो. काही रचनांत एकल वादकाला विस्तारासाठी मोकळी जागा ठेवली जाते.

आक्षेप व मूल्यमापन : या प्रयोगावर दोन बाजूंनी टीका झाली. रागसंगीताच्या परंपरानिष्ठ जाणकारांच्या मते उपज, म्हणजे वादन चालू असता सुचलेले, हाच रागाचा प्राण असून लिहून ठेवलेल्या समूहवादनात तो गुदमरतो. उलट पाश्चात्त्य संगीताच्या अभ्यासकांना या रचना एकाच स्वरपंक्तीला दिलेल्या रंगबदलापलीकडे जात नाहीत असे वाटले. या दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. तथापि त्यांत एक गोष्ट दुर्लक्षित राहते. यूरोपीय नभोवाणी वाद्यवृंदांच्या हाती दोन शतकांचे लिखित भांडार आयते होते. आकाशवाणीच्या वादकांना आपले भांडार स्वतःच निर्माण करावे लागले. असे भांडार सतत वाजविले गेले, तरच परंपरेत रूपांतरित होते. प्रक्षेपित झालेली रचना फितीवर जाऊन पुन्हा क्वचितच वाजविली गेली आणि स्वरलेखने छापून इतर वादकांच्या हाती पडली नाहीत. त्यामुळे या रचनांचा प्रभाव मर्यादित राहिला. समूहवादनाचा लोकमानसावर खोल ठसा उमटला तो चित्रपटसंगीताद्वारे. आकाशवाणीने १९५२ मध्ये चित्रपटगीतांचे प्रक्षेपण जवळजवळ बंद केले. परंतु श्रोत्यांचा ओढा लक्षात घेऊन ऑक्टोबर १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली, ही बाब या दृष्टीने सूचक आहे.

मुंबईतील पुढील वाटचाल : मुंबईत वादकांना आश्रय चित्रपटसृष्टीने दिला, पण तेथील मोबदला गाण्यागणिक मिळे. माजोर्डे (गोवा) येथील अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांनी १९५८ मध्ये चित्रपटक्षेत्रातील वादक एकत्र करून भारतीय रागांवर आधारलेल्या सिंफनी रचना सेंट झेव्हियर महाविद्यालयाच्या प्रांगणात सादर केल्या. त्यांत लता मंगेशकर व मन्ना डे यांनी गायन केले. नियमित निधीच्या अभावी हा उपक्रम दीर्घकाळ चालला नाही व गोन्साल्विस १९६५ मध्ये अमेरिकेस गेले. १९६२ मध्ये सुरू झालेल्या बाँबे चेंबर ऑर्केस्ट्राने हौशी व स्थानिक वादकांच्या बळावर ही परंपरा जिवंत ठेवली. राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राने (स्थापना १९६९) २००६ मध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा व्यावसायिक वाद्यवृंद स्थापन केला. कझाकस्तानचा व्हायोलिनवादक मरात बिसेन्गालिएव्ह हा त्याचा संगीतसंचालक झाला. आरंभापासून त्यातील पुष्कळ वादक परदेशातून आणावे लागले. म्हणून त्यास जोडून मुलांच्या प्रशिक्षणाची व्यवस्था करण्यात आली. एका पिढीचे वादक निघून गेल्यावर नवी पिढी घडविण्यास किती काळ लागतो, हे यावरून दिसून येते.

नभोवाणी वाद्यवृंदांचे भवितव्य अन्यत्रही निर्वेध नाही. एनबीसी वाद्यवृंद १९५४ मध्येच बंद करण्यात आला. नेदर्लंड्समध्ये नभोवाणीचा एक वाद्यवृंद २०१३ मध्ये विसर्जित झाला आणि जर्मनीत नैर्ऋत्य नभोवाणीचे दोन वाद्यवृंद २०१६ मध्ये एक करण्यात आले. ध्वनिमुद्रण सुलभ झाल्यावर प्रक्षेपणाला वादकांची नित्य गरज उरली नाही, हे त्यामागील समान कारण होय. जेथे वाद्यवृंद टिकले, तेथे ते प्रक्षेपणाचे साधन म्हणून नव्हे, तर नव्या संगीताचे निर्मितिस्थान म्हणून टिकले आहेत. भारतातील अनुभवाचा निष्कर्षही याहून वेगळा नाही. वादकांची नियमित नेमणूक, तरुणांचे शिक्षण आणि झालेल्या रचनांचे प्रकाशन व पुनर्वादन या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, तरच वाद्यवृंदाची परंपरा निर्माण होते. त्यांतील एकीचाही अभाव असल्यास, मुंबई व दिल्ली येथील अनुभवाप्रमाणे, उत्तम प्रयोगही त्या त्या व्यक्तीबरोबर संपुष्टात येतो.